एसएमपीएस: काही रूढ समजुती आणि वस्तुस्थिती

टेबलावरचा संगणक सुरू होईनासा झाला किंवा चालता चालता आपोआप बंद पडू लागला, म्हणजे त्या बिघाडाचा आरोप ज्या एका पोलादी पेटीवर सर्वप्रथम ठेवला जातो आणि कित्येकदा तितक्याच घाईने मागेही घेतला जातो, ती पेटी म्हणजे भिंतीतून येणाऱ्या २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहाचे मदरबोर्डास सोसेल अशा अल्प दाबाच्या एकदिश प्रवाहात रूपांतर करणारा वीजपुरवठ्याचा संच होय. दुरुस्तीच्या दुकानात त्याला सर्रास एसएमपीएस म्हणतात. आरोप काय किंवा निर्दोष सुटका काय, दोन्ही निकाल बहुधा पुराव्यावाचूनच दिले जातात, ही माझी मुख्य तक्रार आहे.

सर्वांत दृढ समजूत अशी की, मागचा पंखा फिरतो आहे त्या अर्थी एसएमपीएस शाबूत आहे. वस्तुतः पंखा फिरण्यास १२ व्होल्टचा एकच पुरवठा, आणि तोही यथातथा, पुरेसा होतो; एटीएक्स प्रमाणानुसार बांधलेल्या संचाने मात्र १२, ५ आणि ३.३ व्होल्ट असे तीन मुख्य दाब, उणे १२ व्होल्टचा एक किरकोळ दाब आणि संगणक बंद असतानाही जागा राहणारा ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा, इतके सारे सांभाळावयाचे असते. बटण दाबताच मदरबोर्ड हिरव्या वायरीचा दाब शून्यावर आणून संचाला सुरू होण्याचा हुकूम देतो. त्यानंतर सारे दाब स्थिरावले, की १०० ते ५०० मिलिसेकंदांत करड्या वायरीवरून ‘पुरवठा ठीक आहे’ असा संकेत मदरबोर्डकडे जातो, आणि हा परवाना हाती पडेपर्यंत प्रोसेसरला कामास लागण्याची मुभा नसते. पंखे फिरताहेत, दिवे लागले आहेत आणि पडदा मात्र काळा, या प्रकारामागे पुष्कळदा हा न मिळालेला परवाना असतो. अर्थात सैल बसलेली रॅम किंवा मदरबोर्डला जोडावयाची राहून गेलेली प्रोसेसरची चार अथवा आठ पिनांची वायर यांनीही हुबेहूब हेच लक्षण दिसते. उलटपक्षी, अलीकडचे काही संच भार कमी असताना पंखा मुद्दाम थांबवून ठेवतात, तेव्हा स्थिर पंखा हाही मृत्यूचा दाखला नव्हे.

हिरवी वायर काळीशी जोडून संच कॅबिनेटबाहेर चालवून पाहण्याची जी चाचणी दुकानोदुकानी होते, तिला मी खोटी म्हणणार नाही. ती अपुरी आहे. भार नसताना सुरू होणारा संच प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांनी एकदम मागणी केली असता कोलमडू शकतो, विशेषतः आतले कपॅसिटर जुने झाले असतील तर. खरी शहानिशा संगणक चालू असताना, कामाचा भार देऊन, मल्टिमीटरने करावी: १२ व्होल्टच्या जागी ११.४ ते १२.६, ५ च्या जागी ४.७५ ते ५.२५ आणि ३.३ च्या जागी ३.१४ ते ३.४७ ही मान्य मर्यादा होय. पडद्यावर दाब दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या साक्षीवर विसंबू नये, कारण ते आकडे मदरबोर्डवरच्या साध्या संवेदकाचे असतात आणि चांगलेच चुकतात. मल्टिमीटरलाही दाबातली सूक्ष्म व वेगवान थरथर दिसत नाही. म्हणून संशय उरल्यास खात्रीचा दुसरा संच लावून पाहणे, हाच अखेरचा फैसला.

संगणक पूर्णपणे निपचित पडला म्हणजे एसएमपीएस जळालाच, हाही उतावळेपणा आहे. कुठे शॉर्ट सर्किट झाले, अगदी यूएसबीच्या खाचेतली एक वाकडी पिन कॅबिनेटला टेकली, तरी चांगला संच स्वतःला बंद करून घेतो, आणि भिंतीतली पिन काढून काही मिनिटे थांबल्याखेरीज पुन्हा उठत नाही. हे त्याचे कर्तव्य आहे, कसूर नव्हे. यासाठी अनावश्यक जोडण्या एकेक करून काढीत जाणे, आणि त्याआधी संचाच्या पाठीवरचे बटण चालू आहे ना, हे पाहणे बरे.

मोठ्या वॉटच्या संचाने विजेचे बिल वाढते, ही भीती निराधार आहे. ६५० वॉट ही त्याची क्षमता. संगणकाला २०० वॉट लागत असतील, तर ९० टक्के कार्यक्षम संच भिंतीतून सुमारे २२२ वॉट घेईल, अधिक नाही. लबाडी असलीच तर ती पेटीवरच्या ठळक आकड्यात असते: ४५० वॉट असा मजकूर मिरवणाऱ्या संचाच्या तक्त्यात १२ व्होल्टपुढे १४ अँपिअर लिहिले असेल, तर आजचे प्रोसेसर व ग्राफिक्स कार्डे ज्या दाबावर जगतात, त्या दाबाचे त्यातून अवघे १६८ वॉट मिळतात.

कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येतात, त्या अर्थी एसएमपीएस गळका आहे, अशी फिर्याद आपल्याकडे नित्य ऐकू येते. विजेतला गोंगाट गाळणारे दोन लहान कपॅसिटर संचात भिंतीच्या दोन्ही वायरींपासून पेटीच्या धातूला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर त्या धातूवर सुमारे निम्मा दाब, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, चढतो, मात्र त्यामागचा प्रवाह अत्यल्प असतो. नवा संच आणल्याने ही व्याधी जात नाही. घरातले अर्थिंग जाणत्या वायरमनकडून तपासून घ्यावे, आणि तिसरी पिन तोडून दोन पिनांच्या सॉकेटात काम भागवण्याची सवय सोडावी. हलक्या झिणझिण्यांऐवजी झटका बसत असेल, तर यंत्र तत्काळ बंद करावे.

नव्या संचाला जुन्याच्या सुट्या वायरी जोडण्याचा मोहही आवरावा. टोके जुळली तरी संचाकडच्या बाजूची पिनांची रचना कंपनीगणिक निराळी असते, आणि चुकीच्या वायरीने हार्ड डिस्क क्षणात जळते. राहिला प्रश्न पेटी उघडून घरीच दुरुस्ती करण्याचा. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्टच्या घरात दाब साठलेला असतो आणि पिन काढल्यावरही तो काही काळ टिकतो. तेव्हा मापणे, बदलून पाहणे हे खुशाल करावे, परंतु त्या पेटीचे स्क्रू काढू नयेत.