गिटारची तोंडओळख, लेखांक ४ : पडद्यालगतची जागा

गिटारच्या दांडीवर ठरावीक अंतरांवर आडव्या ठोकलेल्या धातूच्या पट्ट्यांना फ्रेट म्हणतात. सतारीच्या परिभाषेत याच वस्तूला पडदा हा जुना आणि सोयीचा शब्द आहे, म्हणून या लेखमालेत तोच वापरला आहे. दोन्ही वाद्यांच्या पडद्यांत मुख्य फरक असा की सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असल्याने रागानुसार सरकवता येतात, तर गिटारचे लाकडात कायमचे रुतलेले असतात आणि त्यांची अंतरे गणिताने ठरलेली असतात. तारेची कंप पावणारी लांबी ६४८ मिलिमीटर असलेल्या गिटारवर मेरू, म्हणजे दांडीच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी, आणि पहिला पडदा यांत सुमारे ३६ मिलिमीटर अंतर असते. अकराव्या आणि बाराव्या पडद्यांमध्ये ते जेमतेम १९ मिलिमीटर उरते. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर येतो, म्हणून सेकंदाला ११० कंपने देणारी मोकळी पाचवी तार तेथे दाबली की २२० कंपने देते, म्हणजेच तोच स्वर वरच्या सप्तकात वाजतो.

मागील लेखांकात तारा स्वरात मिळवण्याची रीत आली. सुरात मिळवलेल्या गिटारवरही नवख्याने तार दाबली की बहुधा स्वराऐवजी ‘झर्र’ असा खरखराट किंवा ‘टप’ असा मुका आवाज निघतो, आणि त्यावर त्याला सुचणारा पहिला उपाय म्हणजे अधिक जोर लावणे. हा उपाय बहुतेक वेळा चुकीचा असतो. तारेची लांबी बोट ठरवत नाही, पडदा ठरवतो. बोटाने तार पडद्यावर घट्ट टेकवायची एवढेच त्याचे काम. ते किती जोरात करावे लागेल हे बोटाच्या जागेवर अवलंबून असते, आणि ही गोष्ट मालवणजवळच्या तारकर्लीच्या किनाऱ्यावर माशांची टोपली काठीला अडकवून दोघे खांद्यांवर नेतात त्या दृश्यावरून लगेच समजते. टोपली काठीच्या मध्यावर असली की भार दोघांवर सारखा पडतो, पुढच्या गड्याकडे सरकली की बहुतेक भार त्याच्याच खांद्यावर येतो. दोन पडद्यांमधल्या तारेवर बोट ठेवले की जोराची वाटणी अशीच होते; बोट मध्यावर असेल तर अर्धा जोर मागच्या, म्हणजे मेरूकडच्या, पडद्यावर फुकट जातो, आणि पुढच्या पडद्याच्या अगदी लगत, पण त्याच्या मागे असेल, तर थोड्या दाबातही तार पुढच्या पडद्यावर पक्की बसते. मात्र बोट पडद्याच्या वरच चढले तर ते कंप पावणाऱ्या भागाला स्पर्श करते आणि स्वर दबतो. योग्य जागा म्हणजे काही मिलिमीटरची पट्टी, त्यापेक्षा मोठी नाही.

खरखराट हा मुळात दोष आहे, असेही नाही. सतार आणि तंबोरे घडवण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या, आणि या दोन वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या मिरजेत कारागीर घोडीचा, म्हणजे तारा ज्यावरून जातात त्या आधाराचा, माथा कानसीने अशा अलगद उताराने घासतात की कंप पावणारी तार त्या उताराला पुन्हा पुन्हा निसटता स्पर्श करते. तंबोऱ्यात तारेखाली सुताचा धागा सरकवून हा स्पर्श हवा तेथे आणला जातो. यालाच जवारी म्हणतात आणि तंबोऱ्याचा भरलेला नाद तिच्यातूनच येतो. गिटारवर अर्धवट दाबलेली तार पडद्याला घासते तेव्हाही निसटता स्पर्शच घडतो. परंतु मिरजेचा कारागीर ज्याची जागा तासन्‌तास शोधतो, तो येथे कोणी न शोधता, नको त्या ठिकाणी घडत असतो. (सतारीवरून गिटारकडे आलेल्या वादकाची अडचण वेगळीच असते: मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, काढण्याच्या सवयीने त्याचे बोट तार आडवी ओढते, आणि स्वच्छ वाजणारा स्वरही चढा लागतो. जरुरीपेक्षा जास्त दाबल्यानेही स्वर असाच किंचित चढतो.)

‘टप’ हा मुका आवाज मात्र दाबाचा प्रश्न नसून शेजाऱ्याचा असतो. नवख्यांना सर्वप्रथम शिकवल्या जाणाऱ्या सी या कॉर्डमध्ये, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांच्या जुळणीत, अनामिका पाचव्या तारेवर तिसऱ्या पडद्यामागे, मधले बोट चौथ्या तारेवर दुसऱ्या पडद्यामागे आणि तर्जनी दुसऱ्या तारेवर पहिल्या पडद्यामागे बसते. तिसरी व पहिली तार मोकळी वाजायची असते, तर सहावी वाजवायची नसते. तर्जनी आडवी पडली की तिचा खालचा भाग पहिल्या तारेला टेकतो, मधले बोट शेवटच्या पेरात वाकले नाही की तिसरी तार मुकी होते, आणि शिकणारा तरीही तिन्ही बोटे अधिक दाबत राहतो. बोटांची शेवटची पेरे कमानीसारखी वाकवून तार बोटाच्या टोकानेच दाबणे, त्यासाठी डाव्या हाताची नखे पुरती कापणे आणि अंगठा दांडीच्या मागे साधारण मधल्या बोटासमोर ठेवणे, यांनी हा दोष बहुतांशी जातो. तपासणीची रीत सोपी आहे: कॉर्ड एकदम न छेडता पाचवी तार, मग चौथी, मग तिसरी, अशी एकेक तार वेगळी वाजवावी, जी मुकी आहे तिच्याजवळच्या बोटाकडे पाहावे, जी खरखरते तिच्यावरचे बोट पडद्यापासून किती मागे आहे ते पाहावे.

बोटांच्या टोकांना घट्टे पडेपर्यंत दुखणे अटळ असते, आणि रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, दोर ओढून घट्टे पडलेल्या हातांनाही यातून सूट नाही, कारण ते घट्टे तळव्यावर आणि पेरांवर असतात, टोकांवर नसतात. दुखणे कमी हवे असेल तर नायलॉनच्या तारांची गिटार बरी. पोलादी तारांच्या संचाचा एकूण ताण सुमारे ७० किलो भरतो, तर नायलॉनच्या संचाचा सुमारे ४०. गिटारच्या या नायलॉनच्या तारा आणि कोकणात गळाला बांधतात तो तंगूस एकाच कुळातले आहेत: १९४० च्या दशकापर्यंत अशा तारा जनावरांच्या आतड्यांपासून बनत, महायुद्धामुळे त्यांचा तुटवडा झाल्यावर न्यूयॉर्कचे वाद्यकारागीर ॲल्बर्ट ऑगस्टीन यांनी नायलॉनच्या धाग्यापासून तारा तयार केल्या आणि स्पॅनिश वादक आंद्रेस सेगोव्हिया यांनी त्या स्वीकारल्या.

जागा बरोबर, बोट उभे, शेजारची तार मोकळी, आणि तरीही सूर दबलेला, अशी वेळ आली तर वाद्याकडे पाहावे लागते; मालवणच्या दक्षिणेला समुद्र आणि कर्ली नदी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेल्या तारकर्लीसारख्या गावात तर ते आधीच पाहिलेले बरे. गिटारला ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते, आणि किनाऱ्यावर पावसाळ्यात ती बराच काळ ८० टक्क्यांच्या वर असते. लाकूड ओल शोषून फुगते, गिटारची पुढची पातळ फळी घोडीजवळ वर येते, तारा पडद्यांपासून उंच होतात आणि मे महिन्यात सहज दबणारी तार ऑगस्टमध्ये दबत नाही. शिकणारा स्वतःला दोष देतो, आणि तो दोष हवेचा असतो. खाऱ्या हवेने पोलादी तारांवर गंजाची खरवड धरते ती निराळीच. वाजवून झाल्यावर तारा वरून आणि खालूनही कोरड्या फडक्याने पुसणे हाच तिच्यावर स्वस्त उपाय.

बाराव्या पडद्याच्या माथ्यापासून सहाव्या तारेच्या खालच्या कडेपर्यंतचे अंतर पोलादी तारांच्या गिटारवर साधारण २ ते २.५ मिलिमीटर असावे. ते बारीक फूटपट्टीने मे महिन्यात एकदा आणि जुलैत एकदा मोजून वहीत लिहून ठेवावे. वाढ मोठी असेल तर दुरुस्तीवाला घोडीवरची हाडाची किंवा प्लॅस्टिकची पट्टी घासून तारा खाली आणतो. पण पावसात घासलेली ही पट्टी घेऊन तीच गिटार हिवाळ्यात घाट चढून कोल्हापुराकडे गेली, की कोरड्या हवेत फळी खाली बसते आणि तारा पडद्यांवर झरझरू लागतात. म्हणून मूळ पट्टीला हात न लावता दुसरी पट्टी कमी उंचीची करून घ्यावी आणि ऋतू पाहून बदलावी.