ओल्या पेंढ्याची गंजी आणि समीकरणाची उत्तरे

समीकरणास उत्तरच नसेल तर उत्तरपत्रिकेत काय लिहावे, असा प्रश्न आमच्या वसतिगृहातील मुले विचारतात. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्याचे थोडे सविस्तर उत्तर देण्याचे आम्ही योजिले आहे.

मनोरीसारख्या भातशेतीच्या गावी ओल्या पेंढ्याची मोठी गंजी रचू नये, हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. ओल्या पेंढ्यात जिवाणूंमुळे उष्णता उत्पन्न होते. पुढे रासायनिक क्रिया सुरू होते आणि तापमान चढते तसा तिचा वेगही वाढतो. उष्णतेची निर्मिती आणि पृष्ठभागातून होणारा निचरा यांचा तोल गंजीतील प्रत्येक बिंदूवर राखणारे तापमान शोधणे म्हणजे अरैखिक विवृत्तीय आंशिक अवकल समीकरण सोडविणे. येथे उत्तर म्हणजे एखादी संख्या नव्हे, तर गंजीतील तापमानाचा संपूर्ण नकाशा.

रशियन शास्त्रज्ञ फ्रँक-कामेनेत्स्की यांनी हा सारा प्रश्न एका अंकात आणला. हा अंक ढिगाच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. जाडी दुप्पट केली की तो चौपट होतो. सपाट थरासाठी त्याची सीमा सुमारे ०.८८, लांब दंडगोलासाठी २ आणि गोलासाठी सुमारे ३.३२ आहे. थर व दंडगोल यांत सीमेच्या आत नेमकी दोन उत्तरे मिळतात, सीमेवर एक, सीमेपलीकडे एकही नाही. उत्तर नाही याचा अर्थ तोल साधणारे तापमानच नाही, गंजी पेटणार. दोन उत्तरांपैकी कमी तापमानाचे तेवढे स्थिर असते. दुसऱ्यास किंचित वरच्या बाजूस धक्का लागला तरी तोल सुटतो.

गोलाची गोष्ट विलक्षण आहे. तेथे अंक बरोबर २ असताना उत्तरे अनंत होतात! जोसेफ व लुंडग्रेन यांनी १९७३ मध्ये ही मोजणी पूर्ण केली. दहा किंवा अधिक मितींत मात्र सीमेच्या आत एकच उत्तर उरते. गोलातील धन उत्तरे सममितच असतात, हे गिडास, नी व निरेनबर्ग यांनी १९७९ मध्ये सिद्ध केल्यामुळे या मोजणीतून एकही उत्तर निसटलेले नाही, अशी खात्री झाली. आपल्याकडे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या बंगळुरू केंद्रात आदिमूर्ति, श्रीकांत व यादव यांनी अशाच समीकरणांच्या धन उत्तरांचा अभ्यास केला.

गंजीच्या मध्यभागी हवेसाठी पोकळी ठेवली, तर थंड पृष्ठभाग आतवर येतो आणि धोका घटतो. गणित्याचे काम मात्र वाढते. कंकणाकृती आकारात एका बाजूस कललेली, असममित उत्तरेही निघतात.