त्रिरश्मीच्या लेण्यांतील स्त्रिया : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गैरसमज : ही लेणी पांडवांनी खोदली.

वस्तुस्थिती : नाशिकहून मुंबईकडे जाणाऱ्या महामार्गालगतच्या त्रिरश्मी डोंगरातील या २४ लेण्यांना लोक पांडवलेणी म्हणत असले, तरी त्यांच्या खऱ्या कर्त्यांनी आपली नावे भिंतींवर ब्राह्मी लिपीत कोरून ठेवली आहेत. इ. स. पूर्व पहिल्या शतकापासून इ. स. तिसऱ्या शतकापर्यंत सातवाहन, क्षहरात क्षत्रप आणि आभीर अशा एकामागून एक राजवटी आल्या. लेणी मात्र बौद्ध भिक्षुसंघासाठी घडत आणि वाढत राहिली. पांडवांची कथा सांगून थांबण्यात खरे नुकसान आहे ते हेच, की दान देणारी खरी माणसे नजरेआड होतात आणि त्यांतही सर्वांत आधी स्त्रिया.

गैरसमज : लेणी राजांनी कोरवली, स्त्रियांचा वाटा एखाद्या राणीपुरता.

वस्तुस्थिती : तिसरे लेणे सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचे आहे. नातू पुळुमावी याच्या १९व्या राज्यवर्षी तिने ते संघाला दिले आणि ते सांगणाऱ्या लेखातच आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याची कीर्ती नोंदवली. सातवाहनांच्या या सर्वांत गाजलेल्या राजाविषयी आज जे ठाऊक आहे, त्यातले बरेचसे या आईच्या दानलेखामुळेच. याच लेण्यातील गौतमीपुत्राच्या २४व्या राज्यवर्षाचा हुकूम राजा आणि राजमाता या दोघांच्या नावाने निघालेला आहे. भिक्षूंना आधी दिलेले कखडी गावचे शेत कसले जात नाही आणि गावही ओस पडले आहे, म्हणून नगराच्या सीमेवरील राजाच्या जमिनीतून त्यांना १०० निवर्तने (जमिनीचे जुने माप) द्यावीत, असा तो हुकूम आहे. राणी अपवाद म्हणावी, तर पुढची लेणी पाहावीत. १८व्या लेण्याचे चैत्यगृह पूर्णत्वास नेणारी भट्टपालिका अमात्याची मुलगी आणि अमात्याची पत्नी होती. २०वे लेणे बोपकी नावाच्या यतीने सुरू केले आणि ते पुष्कळ वर्षे अर्धवट पडून होते; सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीच्या ७व्या राज्यवर्षी महासेनापती भवगोपाची पत्नी वासू हिने ते पुरे केले. अर्धवट राहिलेले काम हाती घेऊन तडीस नेणे हे नावापुरते दान नव्हे.

गैरसमज : दान नवऱ्याचे, बायकोचे केवळ नाव.

वस्तुस्थिती : आक्षेप वरवर रास्त वाटतो, कारण या लेखांत स्त्रीची ओळख मुलगी, पत्नी, आई अशीच येते. पण पुरुषांचीही ओळख नात्यांनीच दिलेली आहे : उषवदात हा दिनीकाचा मुलगा आणि क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई. १०व्या लेण्यात उषवदाताने स्वतःची दाने लांबलचक लेखांत सांगितली आहेत. तरीही त्याची पत्नी दक्षमित्रा हिच्या ओवरीवर दान तिचेच असल्याचे वेगळे कोरलेले आहे. सारे नवऱ्याचेच असते, तर या वेगळ्या नोंदीची गरज पडली नसती. त्याच लेण्यात आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातील शक उपासिका विष्णुदत्ता हिचा लेख आहे. त्रिरश्मीवर राहणाऱ्या संघातील आजारी भिक्षूंना औषध मिळावे म्हणून तिने गोवर्धन येथील श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिकांच्या संघटनांकडे, कायमची ठेव ठेवली. पाण्याची यंत्रे करणारे आणि तेली हे त्या श्रेणींपैकी. मुद्दल तसेच ठेवून व्याजातून औषधपाणी चालवायचे, अशी ही व्यवस्था होती. एका गृहिणीचा व्यवहार बाजारपेठेतल्या संस्था स्वीकारत होत्या, हे त्यातून दिसते. या सर्वजणी सधन घरच्या होत्या, हे मान्यच करायला हवे. गरीब स्त्रियांच्या कष्टांची नोंद येथील दगडावर नाही. पण सधन स्त्रीच्या हाती स्वतःच्या नावाने देण्याजोगे काही होते, एवढे त्यातून नक्की सिद्ध होते.

गैरसमज : स्त्रियांची इतकी दाने आहेत, म्हणजे येथे भिक्षुणींचा विहार असणार.

वस्तुस्थिती : ही चूक आदरापोटी होते, तरी ती चूकच. वर आलेली दाने भिक्षुसंघासाठी होती. त्यांतून भिक्षुणींच्या निवासाचा पुरावा मिळत नाही. विनयाच्या, म्हणजे बौद्ध संघाच्या आचारसंहितेच्या, नियमांनुसार भिक्षुणींनी अरण्यात राहू नये. त्यांचे निवास वस्तीजवळ असत. जुन्नरच्या एका लेखात नगरातील भिक्षुणींच्या उपाश्रयाला दान दिल्याचा उल्लेख आहे, तो याच्याशी जुळतो. मात्र विटालाकडाची बांधकामे काळाच्या ओघात गेली आणि दगडातील लेणी टिकली. म्हणून भिक्षुणी नव्हत्याच, असा उलटा निष्कर्षही काढता येत नाही. कोकणातील कुडे येथे पदुमनिका नावाच्या भिक्षुणीने लेणे दान दिल्याचा लेख आहे. तिची आईही प्रव्रजिता (संन्यास घेतलेली) होती आणि लेखात तिच्या शिष्यांचीही नावे आहेत. आई, मुलगी, शिष्या अशी भिक्षुणींची परंपरा महाराष्ट्रात नांदत होती, याला हा ठोस आधार आहे.

तेव्हा नसलेला विहार कल्पून स्त्रियांना मोठेपण देण्याची गरज नाही. लेणे कोरवणारी राजमाता, रखडलेले काम पुरे करणारी सेनापतीची पत्नी आणि आजाऱ्यांच्या औषधाची सोय करणारी उपासिका यांची नावे पुराव्यानिशी आपल्या हाती आहेत. ती शाळेच्या सहलीत मुलांना सांगितली जावीत आणि प्रत्येक लेण्यापाशी सहज वाचता येतील अशी मराठीत लावली जावीत. डोंगराचा इतिहास पांडवांपासून नव्हे, या नावांपासून सांगायला हवा.