फिजी बेटांतील एक विदुषी : ताउफाबाई वाकाताले

फिजीचे नाव निघाले की आपणांस गिरमिटाची आठवण होते. १८७९ ते १९१६ या काळात सुमारे ६०,००० हिंदी मजूर उसाच्या मळ्यांसाठी तेथे नेले गेले. या करारी मजुरीची पद्धत बंद व्हावी म्हणून नामदार गोखले यांनी १९१२ साली वरिष्ठ कायदेकौन्सिलात ठराव आणला, हे वाचकांस ठाऊक असेलच. परंतु त्या बेटांच्या मूळ रहिवाशांविषयी, विशेषतः त्यांच्या स्त्रियांविषयी, आपली माहिती फारच तोकडी असते. म्हणून आज ताउफाबाई वाकाताले यांचा अल्प परिचय आम्ही करून देत आहो.

ताउफाबाईंचा जन्म १९३८ सालचा. त्या दहा वर्षांच्या असताना, १९४८ साली, फिजियन मुलींसाठी सावनी येथे ‘आदि थाकोम्बाऊ’ ही शाळा निघाली. येथील ‘आदि’ हा शब्द संस्कृत नव्हे. सरदार कुळातील स्त्रीच्या नावापूर्वी लावावयाचा तो तेथील मानाचा शब्द आहे. या शाळेत शिकून ताउफाबाई पुढे ‘क्वीन व्हिक्टोरिया’ शाळेत गेल्या. ती शाळा केवळ मुलग्यांची. तीत दाखल झालेली पहिली विद्यार्थिनी त्याच.

मुलग्यांच्या वर्गात एकटी मुलगी बसली म्हणजे तिची चूक तिच्या एकटीची राहत नाही. ‘मुलींना शिकवून उपयोग काय?’ असे विचारणाऱ्यांस ते आयतेच प्रमाण मिळते. आम्ही पुष्कळ वर्षे शिक्षकी केली असल्यामुळे हे ओझे किती जड असते, याची आम्हांस कल्पना आहे. ताउफाबाईंनी ते पेलले. १९६३ साली न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठाची बी. ए. पदवी त्यांनी मिळविली. फिजियन स्त्रीने मिळविलेली ही पहिलीच पदवी होय. योगायोग असा की, फिजीत स्त्रियांस मताधिकार मिळाला तोही याच वर्षी.

पुढे मायदेशी त्यांनी अध्यापन पत्करले, आणि ज्या शाळेत पूर्वी शिक्षण घेतले त्याच ‘आदि थाकोम्बाऊ’ शाळेच्या त्या मुख्याध्यापिका झाल्या. माध्यमिक शाळेची सूत्रे फिजियन स्त्रीच्या हाती येण्याचा हा पहिलाच प्रसंग.

कालांतराने त्या राजकारणात शिरल्या व मंत्रिमंडळात गेल्या. १९९५ साली फ्रान्सने मुरुरोआ बेटावर अणुस्फोटाच्या चाचण्या पुन्हा आरंभिल्या. त्यांविरुद्धच्या मिरवणुकीत ताउफाबाई सामील झाल्या आणि त्यापायी त्यांस मंत्रिपद गमवावे लागले. मंत्र्याने मिरवणुकीत जावे की नाही, याविषयी मतभेद संभवतो. परंतु मनास पटलेल्या गोष्टीसाठी अधिकारावर पाणी सोडणारी माणसे थोडीच. १९९७ साली त्या फिजीच्या उपपंतप्रधान झाल्या. हे पद भूषविणारी पहिली स्त्री त्याच.

असो. ‘पहिली’ म्हणून होणारे कौतुक सारेच करतात. तिच्यामागून दुसरी, तिसरी जाईल, हे पाहणे मात्र घरोघरच्या वडील मंडळींच्या हाती आहे.