अकरानंतर मक्का

गुडघ्यांमुळे मशिदीपर्यंत जाऊ न शकणारी आमची अम्मी रमजानमध्ये रात्री अकरानंतर टीव्ही लावते. मक्केचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. तिथली तरावीह, म्हणजे रमजानच्या रात्रीची खास नमाज, तेव्हा यूट्यूबवर थेट दिसते.

त्यासाठी यवतमाळहून नवा टीव्ही आणावा लागला नाही. जुन्याच्या मागे एचडीएमआयची खाच होती. तिथे फायर स्टिक, क्रोमकास्ट असं काहीही चालतं. वीज मात्र अडॅप्टरचीच द्यावी, टीव्हीच्या यूएसबीची बरेचदा कमी पडते. इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून. एचडी चित्र तासाभरात दीड-दोन जीबी खातं, म्हणजे दिवसाचा पॅक तिथेच संपला. 480 वर आणलं की भागतं. अम्मीला फरक पडत नाही. तिला किरात ऐकायची असते.

शेजारच्या काकू हमखास विचारतात, मग टीव्हीसमोरच नमाज का नाही पढत? बहुतेक उलेमांच्या मते पडद्यावरच्या इमामामागे नमाज होत नाही. इमाम आणि जमात एका जागी हवी. 2020 चा रमजान लॉकडाऊनमध्ये गेला, तेव्हाही तरावीह घराघरांत आपापलीच झाली.

म्हणून अम्मी आधी खुर्चीवर बसून स्वतःची तरावीह पूर्ण करते, मग रिमोट मागते.