शहराचे नाव कोणाच्या मालकीचे?

३ जून २०२५ च्या रात्री अहमदाबादच्या मैदानावर रॉयल चॅलेंजर्स बेंगळुरूने पंजाब किंग्जचा सहा धावांनी पराभव केला आणि अठराव्या हंगामात आयपीएलचा पहिला चषक जिंकला. दुसऱ्या दिवशी दुपारी बेंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानाच्या प्रवेशद्वारांपाशी अकरा जण चेंगरून मृत्युमुखी पडले. त्यांत बहुतेक तरुण होते. एक शाळकरी मुलगीही होती. पुढे चौकशा झाल्या, निलंबने झाली, न्यायालयात अहवाल सादर झाले. तरीही एक प्रश्न शिल्लक राहिला आहे. ज्या शहराच्या नावाने हा संघ खेळतो, त्या शहराचा या संघाशी नेमका संबंध काय?

इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने मला आधी थोडे मागे जाणे आवश्यक वाटते. १ नोव्हेंबर १९७३ रोजी म्हैसूर राज्याचे नाव कर्नाटक झाले. त्याच हंगामात, १९७४ च्या मार्चमध्ये, बेंगळुरूच्या याच मैदानावर रणजी करंडकाच्या उपान्त्य सामन्यात प्रसन्नांच्या कर्नाटकने मुंबईला नमवले. सलग पंधरा वर्षे करंडक राखणाऱ्या मुंबईची सद्दी तेथे संपली. त्या सामन्यात विश्वनाथने १६२ धावा केल्या, ब्रिजेश पटेलने शतक ठोकले. पुढे अंतिम सामनाही कर्नाटकने जिंकला. त्या संघातील खेळाडू इथल्याच क्लबांतून आणि महाविद्यालयांतून घडले होते. संघ राज्याच्या क्रिकेट संघटनेचा होता आणि त्या विजयावर नागरिकांचा हक्क सांगायला कोणत्याही जाहिरातीची गरज नव्हती.

२००८ चा संघ वेगळ्या मुशीतून आला. विजय मल्ल्या यांच्या उद्योगसमूहाने तो सुमारे ११ कोटी १६ लाख डॉलरला विकत घेतला आणि आपल्या व्हिस्कीच्या नावावरून त्याचे बारसे केले. पहिला कर्णधार राहुल द्रविड हा मराठी घरातला आणि बेंगळुरूत वाढलेला. पण २०२५ मध्ये कर्णधार रजत पाटीदार इंदूरचा, सर्वांत लाडका खेळाडू विराट कोहली दिल्लीचा, तर मालक असलेली युनायटेड स्पिरिट्स ही डियाजिओ या ब्रिटिश कंपनीच्या नियंत्रणाखाली होती. यात तक्रार करण्याजोगे काही नाही. बाहेरून आलेल्या माणसांनीच बेंगळुरू मोठे केले आहे. २००९, २०११ आणि २०१६ असे तीन अंतिम सामने हरूनही लोक या संघाला चिकटून राहिले; ते प्रेम अस्सल आहे. ‘ई साला कप नमदे’ म्हणजे ‘यंदा चषक आपलाच’ ही घोषणा ते दरवर्षी देत आले.

प्रश्न त्या ‘आपला’ या शब्दाचाच आहे. कारण ४ जूनला कोण कोणाला उत्तरदायी होते, हे शोधू गेल्यास हाती फारसे काही लागत नाही.

राज्य सरकारने उच्च न्यायालयात सादर केलेल्या अहवालानुसार आयोजकांनी पोलिसांना केवळ कळवले होते. शहरातील सभा आणि मिरवणुकांसाठी २००९ च्या आदेशान्वये जी रीतसर परवानगी लागते, ती घेतली नव्हती. तरी सकाळी सात वाजल्यापासून संघाच्या समाजमाध्यमांवरून चाहत्यांना निमंत्रणे जात होती. मैदानाची क्षमता सुमारे पस्तीस हजार. जमले तीन लाखांहून अधिक. पण हा ठपका एकट्या कंपनीवर ठेवता येत नाही. त्याच दुपारी खुद्द सरकारने विधानसौधाच्या पायऱ्यांवर संघाचा सत्कार केला. कागदावर परवानगी नसलेल्या समारंभाच्या पूर्वरंगाला सरकार स्वतः यजमान असेल, तर ‘नाही’ हा शब्द कोणत्या पोलीस निरीक्षकाने उच्चारायचा?

प्रशासकीय सेवेतील अनेक वर्षांत मी जत्रा, मोर्चे आणि नेत्यांचे दौरे यांच्या बंदोबस्ताच्या बैठका पाहिल्या आहेत. गर्दीचे नियोजन गर्दी जमण्यापूर्वी व्हावे लागते. किती माणसे येतील, कोणत्या दाराने आत जातील, कोणत्या वाटेने बाहेर पडतील, रुग्णवाहिकेला रस्ता कोठे मोकळा राहील, याची उत्तरे आदल्या रात्री मिळत नाहीत. केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाने १ जुलैला एका पोलीस अधिकाऱ्याचे निलंबन रद्द करताना हेच सांगितले: गर्दीला प्रथमदर्शनी संघ जबाबदार आहे, पोलीस हीही माणसेच आहेत, देव किंवा जादूगार नव्हेत. सरकारने आयुक्तांना दुसऱ्याच दिवशी निलंबित केले होते. पुढे ती निलंबने मागे घेतली गेली. शिक्षा तत्काळ झाली, जबाबदारी मात्र निश्चित झाली नाही.

या साऱ्यात एक खुर्ची रिकामी होती, ती महापौरांची. बेंगळुरू महापालिकेची निवडणूक २०१५ मध्ये झाली आणि तिची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली. दुर्घटनेच्या दिवशी शहरात लोकनिर्वाचित नगरसेवक नव्हते. मे २०२५ मध्ये ग्रेटर बेंगळुरू प्राधिकरण अस्तित्वात आले, सप्टेंबरमध्ये पाच महापालिका स्थापन झाल्या. पण प्रशासकांच्या हाती कारभार असलेल्या शहराचे नाव जर्सीवर मिरवते आणि त्या शहराच्या वतीने अट घालणारा कोणीच नसतो, ही विसंगती त्यामुळे मिटली नाही. संघाचा मालक कंपनी, मैदानाची धनी क्रिकेट संघटना, पोलीस राज्याचे. गर्दी तेवढी शहराची.

मराठी वाचकाने याकडे दूरची गोष्ट म्हणून पाहू नये. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणुकीसाठी जानेवारी २०२६ उजाडावे लागले. ४ जुलै २०२४ रोजी विश्वविजेत्या संघाच्या स्वागताला मरीन ड्राइव्हवर लोटलेला जनसागर मोठ्या दुर्घटनेविना ओसरला, हे सुदैव. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने क्रिकेट सामन्यांच्या पोलीस बंदोबस्ताचे शुल्क घटवले आणि ती सवलत २०११ पासून पूर्वलक्षी प्रभावाने दिली. मुंबई उच्च न्यायालयाला त्याबद्दल जाब विचारावा लागला. कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या खेळाचा बंदोबस्त सवलतीत, त्याची झळ करदात्याला. चिन्नास्वामी मोठ्या गर्दीसाठी असुरक्षित असल्याचा निष्कर्ष न्या. मायकेल डिकुन्हा आयोगाने काढला आणि महिला विश्वचषकाचे बेंगळुरूतील काही सामने नवी मुंबईला आले. तेथील मैदानावर भारतीय महिलांनी चषक जिंकला, याचा आनंद आहेच. पण सामन्यांसोबत गर्दीचे प्रश्नही स्थलांतरित होतात.

ऑगस्ट २०२५ मध्ये कर्नाटक विधानसभेत गर्दी नियंत्रणाचे विधेयक मांडले गेले आणि ते समितीकडे सोपवले गेले. आयोजकाला जबाबदार धरणे योग्यच आहे. तथापि केवळ दंडाच्या तरतुदी पुरेशा नाहीत. माझ्या मते तीन गोष्टी कायद्यात हव्यात. एक, शहराचे नाव धारण करणाऱ्या प्रत्येक व्यावसायिक संघाने त्या शहराच्या निर्वाचित महापालिकेशी जाहीर करार करावा; त्यात बंदोबस्ताचा पूर्ण खर्च, वाहतूक आणि विजयोत्सवाचे नियम नमूद असावेत. दोन, परवानगी नाकारण्याचा अधिकार एका नामनिर्दिष्ट अधिकाऱ्याकडे असावा आणि त्याचा लेखी नकार मंत्र्यालाही तोंडी आदेशाने डावलता येऊ नये. तीन, लेखी परवानगी मिळेपर्यंत कोणत्याही माध्यमातून लोकांना बोलावण्यास मनाई असावी.

यावर आक्षेप येईल, की एवढ्या अटींनी उत्सवाचा जीव जाईल. उत्सव चार दिवसांनी केला असता, तर चषक कोठे पळून जाणार नव्हता. घाई चाहत्यांना नव्हती. ती होती छायाचित्रांत झळकू पाहणाऱ्यांना.

नोव्हेंबर २०२५ मध्ये युनायटेड स्पिरिट्सने या संघातील गुंतवणुकीचा फेरविचार सुरू केल्याचे शेअर बाजाराला कळवले. गुंतवणूकदारांना ते कळणे कायद्याने आवश्यक होते. बेंगळुरूच्या नागरिकांना काही कळवण्याचे, त्यांना काही विचारण्याचे बंधन कोणावरही नव्हते. मालकाने संघ विकावा, तो त्याचा हक्क आहे. पण व्यवहारात शहराचे नावही किमतीला चढत असेल, तर त्या नावासोबत काही कर्तव्येही खरेदीदाराच्या गळ्यात पडली पाहिजेत. अकरा कुटुंबांना भरपाई देऊन तो हिशेब पुरा होत नाही.