उभी बाटली आडवी कशी होते?

वस्तीच्या तोंडाशी दारूचे दुकान उघडले की पहिला मोर्चा नगरसेवकाच्या घरावर जातो. गाव असेल तर सरपंचाच्या दारात. निवेदन दिले जाते, आश्वासन मिळते आणि दुकान चालूच राहते. आम्ही कार्यकर्ते मंडळींनी हा प्रकार पुष्कळ वेळा पाहिला आहे. माताभगिनींची तळमळ खरी असते, पण निवेदनावरचा पत्ता चुकलेला असतो.

आपल्या राज्यात दारूचा परवाना ग्रामपंचायत किंवा नगरपालिका देत नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली तो अधिकार जिल्हाधिकारी आणि राज्य उत्पादन शुल्क खात्याकडे आहे. दारूविरोधी ग्रामसभेच्या ठरावाला वजन आहे, तो जरूर करावा. परंतु ठराव झाला म्हणून चालू परवाना आपोआप रद्द होत नाही. अनुसूचित क्षेत्रातील आदिवासी गावांची गोष्ट वेगळी. १९९६ च्या पेसा कायद्याने तेथील ग्रामसभेला मादक पदार्थांच्या विक्रीवर नियंत्रण ठेवण्याचा हक्क दिला आहे.

मग आपण काय करावे? मार्ग आहे. २००८ साली शासनाने आदेश काढून गावातील किंवा वॉर्डातील दुकान मतदानाने बंद करण्याची सोय केली. २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांचे निवेदन द्यायचे. खात्याचे अधिकारी सह्यांची पडताळणी करतात. पडताळणी पुरी झाली की गुप्त मतदान होते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान राहावे असे वाटेल तिने उभीवर शिक्का मारायचा, बंद व्हावे असे वाटेल तिने आडवीवर.

येथपर्यंत बहुतेकांना ठाऊक असते. खरी मेख पुढे आहे. या आदेशाप्रमाणे निम्म्याहून जास्त मते हवीत, ती मतदानाला आलेल्या महिलांच्या नव्हे, तर यादीतील एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त. कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडू या. समजा, यादीत १,२०० महिला आहेत. निवेदनाला ३०० सह्या लागतील आणि दुकान बंद करायला किमान ६०१ मते. मतदानाला ९०० जणी आल्या. ५८० जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, ३२० जणींनी उभ्या. आडवी बाटली २६० मतांनी पुढे! तरीही दुकान बंद होत नाही, २१ मते कमी पडली. ज्या ३०० जणी घरी राहिल्या त्यांनी शिक्का मारला नाही, पण त्यांचे मत उभ्या बाटलीच्या पदरात पडले.

दुकानदाराला हे गणित पक्के ठाऊक असते. त्याला बायकांची मने वळवायची गरज नाही, त्या घराबाहेर पडल्या नाहीत की त्याचे काम झाले. म्हणून लढाई मतदानाच्या दिवशी नव्हे, मतदार यादीपासून सुरू होते. मयत झालेल्या, लग्न होऊन सासरी गेलेल्या, खोली सोडून गेलेल्या महिलांची नावे यादीत राहिली तर तीही आपल्या विरोधात मोजली जातात. ती वेळीच कमी करून घ्यावीत. नव्या सुनांची, अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलींची नावे घालावीत. सह्या २५ टक्क्यांवर काठोकाठ नकोत, पडताळणीत काही बाद होतात. धुणीभांडी करणाऱ्या, कंपनीत पाळीला जाणाऱ्या भगिनींनी त्या दिवशी कामाची वेळ बदलून घ्यावी. आणि बंधूंनो, त्या दिवशी स्वयंपाक आणि लेकरे आपण सांभाळावीत. अर्ज करण्यापूर्वी चालू आदेशाची प्रत अधीक्षक कार्यालयातून मागून घ्यावी, विशेषतः शहरातील वॉर्डांनी.

दुकान येण्याआधी अडवणे त्याहून सोपे. देशी दारू आणि वाईन शॉपचे नवे परवाने देणे शासनाने १९७० च्या दशकात थांबवले. त्यामुळे असे दुकान वस्तीत येते ते बहुधा दुसरीकडून स्थलांतर होऊन. गाळ्याचे काम सुरू होताच चौकशी करून लेखी हरकत घ्यावी व पोच घ्यावी. सोसायटीच्या गाळ्यात नवी बिअर शॉपी किंवा दारू दुकान काढायचे तर सोसायटीचे ना हरकत प्रमाणपत्र लागेल, असे शासनाने मार्च २०२५ मध्ये विधानसभेत जाहीर केले. तेव्हा सोसायटीच्या सभेला दांडी मारू नका.

आणखी एक गोष्ट विहार समित्यांसाठी. शाळा आणि धर्मस्थळांपासून ठराविक अंतराच्या आत परवाना देता येत नाही. पण नियमात धर्मस्थळाची व्याख्या करताना नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाचा उल्लेख आहे. आपले किती विहार वर्गणीतून उभे राहिले आणि धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवायचे राहून गेले? रोज सायंकाळी जेथे आपण पंचशील ग्रहण करतो त्याच्याच शेजारी गुत्ता यायला नको असेल, तर हा कागद आजच करून ठेवावा.

मतदानाने परवान्याचे दुकान बंद होते, चोरटी हातभट्टी नव्हे. तिच्यासाठी २०१६ च्या कायदा दुरुस्तीने गावात ग्रामरक्षक दलाची तरतूद केली आहे. दुकानाला कुलूप लागले म्हणून महिला मंडळाने घरी बसू नये.

पगाराच्या दिवशी घरी काय पोहोचते, हे आमच्या भगिनींना सांगायला नको. त्यांनी एकदा यादी हातात घेऊन मोजायला सुरुवात करावी. ६०१ हा आकडा मोठा नाही, तो घरोघर जाऊनच भरतो.